तीनशे वर्षांची राखण

कोलकाता शहराचे वय १६९० या सालापासून मोजण्याची जुनी रूढी आहे. त्या वर्षी जॉब चार्नॉक सुतानुटीच्या घाटावर उतरला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीने तेथे मूळ धरले. या शहराला कोणी एक संस्थापक नाही आणि ठरावीक जन्मतिथीही नाही, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला आणि तो योग्यच होता. गावे, हाट आणि घाट तेथे आधीपासून होतेच. परंतु मापापुरते १६९० हे साल धरले, तर या महानगराचा सारा ज्ञात इतिहास तीनशे वर्षांहून थोडा अधिक भरतो. वखार, किल्ला, पलाशी, राजधानी, दुष्काळ, फाळणी हे सारे या तीन शतकांत मावले.

तीनशे वर्षांचे हे माप मी मुद्दाम हाती घेतले आहे. अणुशक्तीच्या कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून जो किरणोत्सारी कचरा निघतो, त्यातील मोठा भाग सिमेंटात बांधून जमिनीखालच्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवला जातो आणि तेथे त्याची राखण सुमारे तीनशे वर्षे करावी लागेल, असे शास्त्रज्ञ सांगतात. या आकड्यामागील हिशेब साधा आहे. अशा कचऱ्यात चिंतेचे दोन मुख्य पदार्थ असतात, सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दर तीस वर्षांनी, स्थूलमानाने, त्यांचे तेज निम्मे होते. तीस वर्षांचे असे दहा टप्पे ओलांडले की मूळ तेजाचा हजारावा हिस्सा उरतो. ज्या कचऱ्यात हे पदार्थ मर्यादित प्रमाणात आहेत, तो तेवढ्या काळाने बव्हंशी निरुपद्रवी होतो. तोपर्यंत पाण्याने त्याला स्पर्श करू नये आणि माणसाने अजाणता त्याला उकरू नये, एवढीच अपेक्षा असते. पहिली जबाबदारी सिमेंटाची आणि दुसरी समाजाची. या दोहोंचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सिमेंट ही वस्तू नवी असली, तरी तिची कल्पना फार जुनी आहे. बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड नाही. म्हणून कोलकाता विटांचे झाले आणि त्या विटा चुन्याने व सुरखीने जोडल्या गेल्या. चुना येई तो उत्तरेकडील सिल्हेटच्या डोंगरांतून, नावांत भरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा अधिकारी सिल्हेटचा कलेक्टर होता आणि त्याच चुन्याच्या व्यापारावर त्याने आपले भाग्य उभारले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. ती केवळ भर नव्हे. चुन्याशी तिचा संयोग झाला की पाण्यातही न विरघळणारा बंध तयार होतो. रोमन लोकांनी ज्वालामुखीच्या राखेकडून जे काम करून घेतले, तेच आपल्या गवंड्यांनी विटेच्या पुडीकडून करून घेतले. १७६७ मध्ये सुरू झालेल्या पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत विटा-चुन्याचे उंच मनोरे आजही उभे आहेत. पावसाने ते काळवंडले आहेत, कोठे कोठे पिंपळाने मुळे घातली आहेत, पण बंध सुटलेला नाही. अडीच शतकांची ही साक्ष कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

महाराष्ट्राला तर हे शास्त्र घरचेच. आपल्या वाड्यांचा आणि किल्ल्यांचा चुना घाणीत मळला जाई. त्यात गूळ पडे, हिरड्याचे पाणी पडे, कोठे उडदाचे पीठ, कोठे बेलफळाचा गर. वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘वज्रलेप’ नावाचा एक पाठ दिला आहे. कच्ची टेंभुर्णीची व कवठाची फळे, सावरीची फुले इत्यादी उकळून त्यांचा काढा आटवावा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेल यांचा कल्क मिसळावा, आणि तो तापलेला लेप मंदिरांना व मूर्तींना लावावा, असे तो सांगतो आणि असंख्य वर्षे टिकण्याची ग्वाही देतो. ग्वाहीतील अतिशयोक्ती सोडून द्या. मुख्य द्रव्यात अल्प प्रमाणात दुसरे काही मिसळून त्याचा स्वभाव पालटता येतो, ही दृष्टी त्यात आहे. आज ज्याला रासायनिक मिश्रद्रव्य म्हणतात, त्याचे कुळ तेथपर्यंत पोचते.

पुढे युरोपात या विषयाला वेगळे वळण लागले. एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधताना जॉन स्मीटनने १७५६ नंतर पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याचा शोध घेतला आणि चुनखडीतील मातीचा अंश हेच त्याचे रहस्य असल्याचे ओळखले. १८२४ मध्ये जोसेफ अॅस्पडिनने ‘पोर्टलँड सिमेंट’ या नावाने पेटंट मिळविले. भारतात मद्रासेस १९०४ मध्ये पहिला प्रयत्न झाला, पण खऱ्या अर्थाने हा धंदा रुजला तो १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यापासून. नव्या सिमेंटाबरोबर गवंड्याला एक नवा धडाही मिळाला. जो गूळ चुन्याला बळ देतो, तोच सिमेंटाचा घात करतो. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू कठीण होतो, तर सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. साखरेचे कण सिमेंटाच्या दाण्यांना चिकटतात आणि हा संयोग रोखून धरतात. चिमूटभर साखरेने सिमेंट तासन् तास धरत नाही. जास्त पडली तर पुष्कळ काळ ते ओलेच राहते. कोणते द्रव्य कोणाशी मैत्री करील, हे परंपरेने नव्हे, परीक्षेनेच ठरवावे लागते, हा त्यातील बोध.

आता अणुयुगाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर कचराही. आरंभीची रीत अगदी सोपी होती. १९४६ पासून पश्चिमेकडील काही राष्ट्रे हा कचरा सिमेंटासह पिंपांत भरून समुद्रात सोडू लागली. तेथे सिमेंटाचे काम मुख्यतः वजनाचे होते. पिंप तरंगू नये, तळाशी जावे, एवढाच हेतू. पुढील शतकांत त्या पिंपाचे काय होईल, हा प्रश्न समुद्राच्या विशालतेवर सोपविलेला होता. १९७२ च्या लंडन करारापासून या रीतीला आळा बसू लागला आणि १९९३ मध्ये तिच्यावर पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला. अमेरिकेत ओक रिज येथे आणखी एक साहसी प्रयोग झाला. द्रवरूप कचरा, सिमेंट, कोळशाची राख आणि विशिष्ट माती यांचा पातळ गारा करून तो भूगर्भातील शेल खडकाच्या फटींत दाबाने भरण्यात आला. गारा नळीतच घट्ट होऊ नये म्हणून त्यात साखरेपासूनच मिळणारे एक द्रव्य अल्प प्रमाणात घातले जाई. जो दोष गवंड्याला नडला, तोच येथे गुण ठरला. १९६६ ते १९८४ पर्यंत हे काम चालले आणि मग ते थांबविण्यात आले. जे जमिनीत ओतले ते पुन्हा हाती येत नाही आणि भूगर्भातील पाणी कोठून वाट काढील हे वरून दिसत नाही, ही त्याची मोठी अडचण होती.

भारतातील कथा मुंबईनजीक, ज्या तुर्भ्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात, तेथे सुरू होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ भट्टी प्रज्वलित झाली, १९६० मध्ये ‘सायरस’ आली आणि जानेवारी १९६५ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. भट्टीपेक्षा अशा कारखान्यातूनच कचरा अधिक आणि अधिक तीव्र निघतो. त्याची वर्गवारी झाली. अतितीव्र कचरा काचेत वितळवून बंदिस्त करावयाचा, कारण त्यातील काही पदार्थांचे आयुष्य हजारो वर्षांचे. प्लुटोनियमचे तेज निम्मे व्हायला चोवीस हजार वर्षे लागतात, तेथे सिमेंटाची मात्रा चालत नाही. सौम्य आणि मध्यम कचरा मात्र सिमेंटाच्या वाट्याला आला. पाण्यासारख्या पातळ कचऱ्यात योग्य क्षार मिसळून किरणोत्सारी अंश साक्याच्या रूपाने खाली बसवावयाचा, तो साका आटवून सिमेंटात मळावयाचा आणि त्याचे ठोकळे पिंपांत बांधावयाचे, असा हा क्रम. स्वस्त, सर्वत्र मिळणारे, भट्टीवाचून घट्ट होणारे आणि किरणांना बऱ्याच अंशी अडविणारे असे दुसरे द्रव्य नाही.

पण कचरा हा वाळूखडीसारखा निरुपद्रवी पाहुणा नव्हे. तो सिमेंटाच्या घरात शिरून घरच बिघडवू शकतो. काही भट्ट्यांच्या पाण्यात बोरिक आम्ल असते, ते साखरेप्रमाणेच सिमेंटाला धरू देत नाही. त्यावर आधी चुना मिसळून आम्लाचा बंदोबस्त करावा लागतो. पाणी शुद्ध करणाऱ्या राळेचे बारीक मणी कचऱ्यात असतात. ते ओल मिळताच फुगतात, सुकताच आकसतात आणि ठोकळ्याला आतून भेगा पाडतात. मोठा ठोकळा घट्ट होताना आतून तापतो आणि निवताना तडकतो. किरणांमुळे सिमेंटातील पाणीही फुटते आणि हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून एका ठोकळ्यात किती तीव्र कचरा घालावा यालाही सीमा येते.

सर्वांत अवघड गोष्ट सीझियमची. घट्ट झालेले सिमेंट डोळ्यांना दगडासारखे दिसले, तरी आतून ते सूक्ष्म छिद्रांनी भरलेले असते आणि त्या छिद्रांत तीव्र अल्कधर्मी पाणी असते. या पाण्यात पुष्कळसे जड धातू विरघळू शकत नाहीत, ते जागीच बसतात. सिमेंट कचऱ्याला धरते ते मुख्यतः या गुणाने. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे भावंड, ते सिमेंटाच्या घडणीत काही अंशी सामावून जाते. परंतु सीझियम हे सोडियम-पोटॅशियमच्या कुळातले. ते पाण्यात सदैव विरघळलेले राहते आणि छिद्राछिद्रांतून वाट काढीत बाहेर पडू पाहते. ज्याला सर्वांत अधिक काळ अडवावयाचे, त्यालाच अडविण्यात साधे सिमेंट दुबळे.

येथे मिश्रद्रव्ये कामी येतात. अभ्रकाच्या जातीचे वर्मिक्युलाइट, बेंटोनाइटची माती, झिओलाइट ही खनिजे सीझियमला आपल्या थरांत वा पोकळ्यांत पकडून ठेवतात. ती सिमेंटात मिसळली की पाझर पुष्कळ घटतो, आणि तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी या दिशेने बरेच संशोधन केले. पुढे त्यांनी खास राळ घडवून द्रव कचऱ्यातून सीझियम आधीच निवडून काढण्याची रीतही विकसित केली. शत्रूला किल्ल्यात कोंडण्यापेक्षा वेशीवरच वेगळा करणे केव्हाही चांगले. औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची राख आणि लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी हीही महत्त्वाची मिश्रद्रव्ये आहेत. त्यांनी ठोकळा कमी तापतो आणि छिद्रे अधिक बारीक होतात. मळीत आणखी एक गुण आहे. टेक्नेशियम नावाचा अतिशय चंचल पदार्थ तिच्या संगतीत रूप बदलतो आणि पाण्यात विरघळेनासा होतो. अमेरिकेत सॅव्हाना नदीकाठी १९९० पासून मळी, राख आणि सिमेंट यांच्या मिश्रणात खारट कचरा बांधण्यात येतो, तो याच तत्त्वावर. सुरखी चुन्याशी जे करीत होती, तेच राख आज सिमेंटाशी करीत आहे. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याच्या कचऱ्याला आवरतो, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे.

तथापि प्रत्येक मिश्रद्रव्याला दोन तोंडे असतात. पाणी कमी करून सिमेंट प्रवाही ठेवणारी काही आधुनिक सेंद्रिय द्रव्ये बांधकामात फार उपयुक्त ठरली आहेत. पण दीर्घकाळाने ती विघटित झाली, तर त्यांचे अवशेष किरणोत्सारी धातूंशी जोडी जमवून त्यांना पाण्याबरोबर वाहून नेण्यास मदत करतील काय, हा प्रश्न संशोधकांना सोडवावा लागतो. इमारतीच्या सिमेंटाची परीक्षा अठ्ठावीस दिवसांच्या बळावर होते. कचऱ्याच्या सिमेंटाची परीक्षा शतकांवर व्हावयाची आहे. पोर्टलँड सिमेंटाला तर अजून दोनशे वर्षेच झाली. त्याच्याकडून आपण त्याच्या स्वतःच्या वयापेक्षा दीर्घ अशी हमी मागत आहोत. म्हणूनच सुज्ञ अभियंते एका ठोकळ्यावर विसंबत नाहीत. ठोकळ्याभोवती पिंप, पिंपाभोवती काँक्रीटचा खंदक, खंदकाभोवती शोषक माती, आणि सभोवार पाण्याची तपासणी करणाऱ्या विहिरी, अशी तटबंदी रचली जाते.

या सर्व कथेत कोलकात्याचा वाटा कोणता? भारतातील अणुविज्ञानाचे एक मूळ तेथेच आहे. मेघनाद साहांनी कलकत्ता विद्यापीठात अणुकेंद्राच्या विज्ञानाचे शिक्षण सुरू केले, आणि जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलियो-क्यूरी यांच्या हस्ते त्यांच्या संस्थेचे उद्घाटन झाले. आज ती साहांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी काच आणि मृत्तिका यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था त्या शहरात स्थापन झाली आणि तीव्र किरणांपासून डोळ्यांना व देहाला सुरक्षित ठेवणाऱ्या जाड खिडक्यांची खास काच पुढे तेथे घडविण्यात आली. १९७७ मध्ये सॉल्ट लेक भागात सायक्लोट्रॉन कार्यरत झाला. इस्पितळांतून किरणोत्सारी औषधे आली. त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य तासांचे किंवा दिवसांचे असते, ती जागेवरच निवतात. परंतु उपचारांसाठी किंवा कारखान्यांसाठी वापरले जाणारे कोबाल्ट-सीझियमसारखे बंदिस्त स्रोत जुने झाले की ते पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे परत धाडावे लागतात. १९८७ च्या नियमांनी या विल्हेवाटीला कायद्याची चौकट दिली आहे. हा मार्ग अखंड राहतो तो ठोकळ्यांच्या बळावर नव्हे, तर नोंदींच्या बळावर.

नोंद तुटली की काय होते, हे दिल्लीत २०१० मध्ये दिसले. एका प्रयोगशाळेत अनेक वर्षे वापराविना पडून राहिलेले किरणोत्साराचे एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात ते फोडण्यात आले. आत कोबाल्ट आहे हे फोडणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अनेकजण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. यंत्र आणल्याला पुरते अर्धशतकही झाले नव्हते. तीनशे वर्षांच्या हिशेबात हा अवधी म्हणजे पहिला प्रहरसुद्धा नव्हे.

माणसाची आठवण किती काळ टिकते, याची एक गोष्ट कोलकात्यातच आहे आणि ती आपल्या, मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर गेल्या. त्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी वर्गणी करून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले. मराठे शहरावर आले नाहीत आणि खंदक अर्धवटच राहिला. १७५६ मध्ये सिराजउद्दौला चालून आला, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रस्ता झाला. ‘मराठा खंदक’ या नावाचे सार्वजनिक काम सत्तावन्न वर्षांत रस्त्याखाली गेले. आज त्यावरून दररोज जाणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी किती जणांना पायाखाली खंदक होता हे ठाऊक असेल?

आणि तरीही ‘बर्गी’ हा शब्द बंगालमध्ये जिवंत आहे. तो राहिला मुलांना निजविण्याच्या अंगाईत. त्या स्वाऱ्यांनी बंगालच्या खेड्यांचे जे हाल केले, त्यांची ती आठवण आहे, आणि मराठी माणसाने ती मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे. खंदकाची माती हरवली, भीतीचे गाणे उरले. १९८४ मध्ये अमेरिकेत टॉमस सेबियोक या चिन्हशास्त्रज्ञाने अणुकचऱ्याच्या जागांचा इशारा पिढ्यान् पिढ्या लोककथांनी आणि विधींनी पुढे न्यावा, अशी सूचना केली होती. पुष्कळांना ती विचित्र वाटली. बंगालच्या कोणाही आजीला ती तितकी विचित्र वाटणार नाही.

गाणे भीती सांगते, स्थळ आणि प्रमाण सांगत नाही. त्यासाठी दफ्तरच हवे. १८९१ मध्ये कलकत्त्यात इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले, तेच पुढे दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार बनले. राज्य बदलले, राजधानी बदलली, दफ्तर टिकले. याच्या जोडीला पुण्याचे पेशवे दफ्तर आठवा. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. उरलेले असंख्य कागद मोडी लिपीत आहेत. कागद टिकला, शाई टिकली, पण दोन शतकांत वाचणारा दुर्मिळ झाला. तीनशे वर्षांनंतरच्या वाचकासाठी आज नोंद लिहिणाऱ्याने हा दाखला डोळ्यांपुढे ठेवावा. दर पिढीने ती नोंद आपल्या लिपीत, आपल्या भाषेत, आपल्या काळच्या साधनांवर पुन्हा उतरवून घेतली पाहिजे.

शास्त्रज्ञ आपले काम करीत आहेत. सिमेंटात कोणती माती, किती राख, किती मळी घालावी, हे ते कसोशीने ठरवीत आहेत, आणि त्यांचा ठोकळा दर दशकाला अधिक भरवशाचा होत आहे. पण आपल्या भाषेत ‘वज्रलेप’ हा शब्द मूर्तीइतकाच पापासंबंधीही येतो. धुवून न जाणारे, मागच्याने केलेले आणि पुढच्याच्या अंगाला चिकटलेले ते पाप. ज्या विजेपायी हा कचरा निर्माण झाला ती आपण वापरली, त्या औषधांनी आपली माणसे बरी झाली, आणि राखण मात्र अजून न जन्मलेल्यांच्या माथी गेली. ते ओझे त्यांना हलके व्हावे, असे वाटत असेल, तर चांगल्या सिमेंटाबरोबर आपण त्यांना चांगली वहीही दिली पाहिजे. कोठे ठेवले, काय ठेवले, किती ठेवले आणि कधीपर्यंत उघडू नये, हे त्या वहीत सरळ शब्दांत लिहिलेले असावे. लिहिणे हे आम्हां दफ्तरातल्या माणसांचे काम आहे. ते शास्त्रज्ञांच्या कामाहून कमी प्रतीचे आहे, असे निदान या प्रकरणी तरी कोणी समजू नये.